बखर न्यायासनाच्या डाव्या हाताची

श्रीगजानन पाठीशी असो, श्रीशारदा जिभेवर असो, आणि ज्या तलावाचे पाणी पिऊन हे अक्षर उमटते तो तलाव साक्षीस असो. राज्यस्थापनेपासून एकाहत्तरावे साल, विकारीनाम संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, ते दिवशी ही हकीकत लिहावयास घेतली. राज्य कोणते, मुलूख कोणता, राजे कोण कुळीचे, हे पुसणाराने पुसू नये आणि सांगणाराने सांगू नये. राज्ये पुष्कळ आहेत आणि राजांची खोड सर्वत्र एकच आहे. यापूर्वी दरबारी लेखकांनी या राज्याच्या बखरी लिहिल्या, त्यांत "थोरले महाराज परम उदार, सबब कृपाळू होऊन सत्ता तीन ठायी वाटते जाहले" इतकेच आहे, आणि बाकी हत्तींचे व नजराण्यांचे पाल्हाळ आहे. उदार होऊन सत्ता कोणी वाटीत नाही. ज्याचे पोट दुखते तोच ओवा मागतो. थोरल्या महाराजांचे पोट कशाने दुखले, ते येथे जैसे घडले तैसे लिहिले आहे.

थोरले महाराज पराक्रमी, प्रजेवर माया करणारे, परंतु सर्व काही आपले हाते करणारे ऐसे होते. नियम करावा तो महाराजांनी, नियमाप्रमाणे राज्य चालवावे ते महाराजांनी, आणि कोणी नियम मोडिला तर निवाडा करावा तोही महाराजांनीच. लोक म्हणत, "एक घर, एक चूल, भांडणच नको," आणि राज्य सुरळीत चालले होते, कारण राजा चांगला होता. चांगला राजा असला म्हणजे सर्व काही चालते, आणि लोक फसतात ते तेथेच. मग एके साली पाऊस पडला नाही, नदी आटली, आणि राजधानीस व खालच्या गावांस मिळून एक थोर तलाव तेवढा राहिला. तेव्हा महाराजांनी नियम केला की, तलावाचे दार हुजूरच्या आज्ञेवाचून जो उघडील त्याचा उजवा हात तोडावा. नियम कठोर होता, परंतु काळही कठोर होता, म्हणून कोणी काही बोलिले नाही. तलावाचे दार राखणारा पाटकरी धावजी कोळी म्हणून होता, तरणाबांड, कामास चोख, वडिलोपार्जित ते दार त्याचेच घराण्याकडे होते, त्याने तो नियम ऐकिला आणि दारास नमस्कार करून कामास लागला.

चैत्रमासी भर दुपारी पेठेस आग लागली. कापसाच्या वखारीतून ज्वाळा निघाल्या आणि वारा सुटला, आणि महाराज घोड्यावर बसून स्वतः धावले, आणि धुरात, आकांतात, शंभर माणसांस शंभर आज्ञा करीत बांधावरून जाता जाता ओरडले की, "दार उघडा! पाणी सोडा!" आणि घोडा तैसाच पुढे गेला. धावजीने दार उघडिले, पाणी ओढ्याने पेठेत शिरले, आग विझली. परंतु दाराची फळी पाण्याच्या जोराने तिरपी बसली ती काही केल्या बंद होईना, आणि धावजी व त्याची माणसे छातीभर पाण्यात उभी राहून रात्रभर झटली तरी उजाडेपर्यंत तलाव अर्धा उतरला. आग विझल्याचा आनंद लोक एका दिवसात विसरले आणि पाणी गेल्याचा आक्रोश महिनाभर करीत राहिले. मग महाराज संतप्त होऊन कचेरीत बसले आणि पुसिले की, दार कोणी उघडिले? धावजी पुढे आला आणि म्हणाला, "म्या उघडलं, म्हाराज. तुमीच सांगितलंसा, घोड्यावरनं." दरबार भरलेला, सरदार उभे, परमुलखाचा वकीलही बसलेला. त्यांच्यादेखत रयतेतील माणूस राजास साक्षीस ओढतो, हे महाराजांस सोसले नाही. आणि खरे सांगावे तर महाराजांस आठवतही नव्हते, कारण आगीत कोण काय बोलिले हे कोणास आठवते? महाराज म्हणाले, "पाणी राखण्याचा नियम आम्ही केला, आणि दार उघडा म्हणून आम्हीच सांगू काय?" नियम त्यांचाच, दार उघडण्याची आज्ञा त्यांचीच, आणि आता निवाडाही त्यांचाच. ते उजवा हात वर करून म्हणाले, "तोडा," आणि हात खाली आणिला, आणि कुशाजी नाईक म्हणून हुजूरचा शिपाई होता त्याने शस्त्र चालविले. धावजी ओरडला नाही. फक्त इकडे तिकडे सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला, आणि ते पाहणे ज्यांनी पाहिले त्यांस पुढे जेवण गोड लागले नाही.

मग काही दिवस गेले, आणि एके सकाळी महाराज पागेत गेले, तो तेथला म्हातारा मोतद्दार घोड्यास खरारा करिता करिता रडत होता. महाराजांनी पुसिले, "काय जाहले?" तो पायांवर पडून म्हणाला, "आगीच्या दिवशी लगाम धरून मी संगती पळत होतो, सरकार. दार उघडा म्हणून आपणच बोललात." महाराज म्हणाले, "मग त्या दिवशी बोलिला का नाहीस?" तेव्हा तो म्हातारा जे बोलिला ते या राज्याच्या दगडावर कोरून ठेवावे ऐसे आहे. म्हणाला, "कोणापुढं बोलू, सरकार? नियम करणारे आपण, उघड म्हणणारे आपण, आणि न्यायाला बसलेले बी आपणच. साक्ष द्यायला चौथा धनी कुठनं आणू?"

महाराज अनवाणी बांधावर गेले. धावजी झोपडीपुढे बसून डाव्या हाताने आणि दातांनी पागोटे बांधावयास शिकत होता. पीळ पडे आणि सुटे, पडे आणि सुटे. महाराज उभे राहिले, आणि पागोटे बांधून पुरे झाले तेव्हा त्याच्यापुढे मान खाली घालून म्हणाले, "धावजी, मागशील ते देतो." धावजी म्हणाला, "गेलेलं कुठं देताय, म्हाराज. हात गेला त्येचं दुख न्हाई येवढं. पण तुमचा हात वर हुता, खाली यायला जरा येळ लागला, तेवढ्या येळात म्या समद्यांकडं बघितलं, आन् एकबी थांबा म्हणालं न्हाई. त्येचं दुख हाय." महाराज तेथेच बांधावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. राजा रडला हे लिहिण्यास दरबारी लेखकांस लाज वाटली. आम्हांस वाटत नाही; त्या राजाचे सगळ्यांत मोठे कृत्य तेच.

मग महाराजांनी गावोगावचे देशमुख, पाटील, महाजन आणि बलुतेदार बोलाविले, आणि म्हणाले की, येथून पुढे नियम आम्ही करणार नाही, तुम्ही सभा भरवून करावा. लोक घाबरले. म्हणाले, "महाराज, राजाने राज्य करावे, आम्ही नांगर धरावा, ही नसती ब्याद आमच्या गळ्यात कशास?" पुष्कळ विनवण्या जाहल्या. सत्ता घेण्यास लोक तयार नव्हते आणि देण्यास राजा उतावीळ होता, ऐसा प्रसंग पृथ्वीवर क्वचित. शेवटी महाराज निकराने म्हणाले, "तुम्ही न घ्याल तर ही सत्ता एकाचे हाती राहील, आणि आज तो हात माझा आहे, उद्याचा कोणाचा हे मला ठाऊक नाही." तेव्हा सभेने मान्य केले. मग ठरले की, नियम करावा सभेने, त्या नियमाबरहुकूम राज्य चालवावे राजाने, आणि नियम मोडिला की नाही, मग मोडणारा रयत असो की राजा असो, हे पाहावे न्यायासनाने. आणि तिघांपैकी कोणी दुसऱ्याच्या आसनावर बसू नये. न्यायासन तलावाच्या बांधावर, दारापाशीच, काळ्या पाषाणाचे केले. आणि रीत ऐसी घातली की, दंड सांगताना न्यायाधीशाने उजवा हात शेल्याने कमरेस बांधून घ्यावा आणि डावा हात वर करावा. तो हात खाली येईल तेव्हा घाव पडावा. हात वर आहे तोपर्यंत सभेपैकी कोणी अथवा स्वतः राजा पुढे येऊन तो हात धरील, तर घाव थांबावा आणि निवाडा पुनः पहिल्यापासून व्हावा. आणि शस्त्र चालविणाराने तोंडचा शब्द मानू नये, हातच पाहावा, कारण तोंडचा शब्द वाऱ्यावर जातो आणि बोलणारास आठवत नाही. कुशाजी नाईकाने तलावाचे पाणी ओंजळीत घेऊन ती शपथ वाहिली.

त्या रीतीने राज्य चालले आणि बरे चालले. एकदा एका धनगरास दंड होत असता थोरले महाराज घोडा फेकीत आले आणि न्यायाधीशाचा हात धरिला, आणि पुनः निवाडा होऊन धनगर निर्दोष ठरला. एकदा महाराजांचा सख्खा मेहुणा दोषी ठरला तेव्हाही महाराजांनी हात धरिला, परंतु पुनः पाहता तो दोषीच निघाला, आणि मग राणीसाहेब चार महिने महाराजांशी बोलिल्या नाहीत तरी महाराजांनी दुसऱ्यांदा हात धरिला नाही. ऐसा राजा. परंतु एक गोष्ट चुकली, आणि ती मुत्सद्द्यांच्या शहाणपणाने चुकली. महाराजांच्या मनात डाव्या हाताचे कारण दवंडी पिटून सांगावयाचे होते, तेव्हा मुत्सद्दी म्हणाले की, "राजाची चूक चव्हाट्यावर गेली तर धाक राहत नाही. रीत ठेवावी, कारण झाकावे." धावजीस विचारिले तर तोही म्हणाला, "म्हाराजांनी माज्यापुढं मान खाली घातली, ती म्या बाजारात कशाला नेऊ?" कुशाजीस चूप राहण्याची आज्ञा जाहली. मोतद्दार वारला, आणि तो घाव दरबारात ज्यांनी पाहिला होता त्यांतील काही वारले, काहींनी तोंडे मिटिली. आणि धावजीचा हात पाण्यात मगरीने नेला, ऐसे लोक म्हणू लागले. रीत जिवंत ठेवून तिचे कारण पुरणे म्हणजे झाड ठेवून मूळ छाटणे होय. काही वर्षे पाने हिरवी दिसतात, इतकेच.

पुढे थोरले महाराज कैलासवासी जाहले आणि त्यांचे चिरंजीव धाकटे महाराज गादीवर बसले. हे दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर बखर सोपी होती. हे तडफदार होते, यांस सर्व कामे लवकर व्हावी ऐसे वाटे, आणि सभेत बोलणी फार होतात, न्यायासनापुढे दिवस फार जातात, याचा त्यांस जाच होई. त्यांचे कारभारी बल्लाळपंत म्हणून होते, ते या जाचास रोज थोडे तूप घालीत. म्हणत, "महाराज, तीन बैलांचा नांगर कधी सरळ चालतो काय? आणि डाव्या हाताने निवाडा म्हणजे अशुभच. शुभकार्यास कोणी डावा हात लावितो?" महाराजांस ते पटे, परंतु वडिलांची रीत म्हणून ते थांबले होते. तोच पुनः अवर्षण जाहले.

तेव्हा सभेने नियम केला की, तलावाचे पाणी आधी खालच्या गावांस पाळीने द्यावे, कारण तेथे विहिरीही आटल्या आहेत, आणि राजधानीने विहिरींवर भागवावे. तलावाच्या दाराचे काम या समयी धावजीची सून राही हिच्याकडे होते. धावजी म्हातारा जाहला होता, मुलगा तापाने गेला होता, आणि दार वडिलोपार्जित, म्हणून सून ते सांभाळी, आणि कोणी हसले तर म्हणे, "दाराला बाप्या न्हाई लागत, ताकद लागते." इकडे महाराजांनी नवी बाग लाविली होती, दूरदेशींची कलमे आणिली होती, ती वाळू लागली. महाराज स्वतः बांधावर येऊन म्हणाले, "राहीबाई, बागेकडचे पाणी सोड." राही पदर सारखा करून म्हणाली, "पाळी खालच्या गावाची हाय, म्हाराज. सभेनं ठरवलंय." महाराज म्हणाले, "राजा तुझ्यापुढे उभा आहे आणि तू सभा सांगतेस?" ती म्हणाली, "राजं म्हनूनच सांगते. दुसरं कुनी असतं तर हाकलून दिलं असतं." बरोबरचे लोक हसले. ते हसणे महाराजांच्या काळजात काट्यासारखे रुतले.

मग राहीस आज्ञाभंगाच्या आरोपावरून न्यायासनापुढे उभी केली. न्यायाधीश नरहरशास्त्री म्हणून होते, बारीक, दम्याचे, थांबून थांबून बोलणारे. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, "महाराजांची आज्ञा नियमाबाहेर होती. बाईने नियम पाळला. बाई निर्दोष." बल्लाळपंत महाराजांच्या कानाशी लागले. महाराज ताडकन उठले आणि म्हणाले, "शास्त्रीबोवा, उतरा. काळ बिकट आहे, ऐशा काळी तीन डोकी नकोत. पाऊस पडेतो नियमही आमचा, कारभारही आमचा आणि निवाडाही आमचाच." सभेचे मुख्य हैबतराव देशमुख तेथेच उभे होते, त्यांच्याकडे पाहून महाराजांनी पुसिले, "सभेची काही हरकत?" हैबतराव दांडगे, मिशाळ, आवाज वाघासारखा. परंतु मुलाचे लग्न दरबारी घरात ठरले होते. ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "पाऊस पडेतोच ना? मग काय..." नरहरशास्त्र्यांनी कमरेचा शेला सोडिला, घडी करून आसनावर ठेविला, आणि लोकांत जाऊन उभे राहिले. जाताना इतकेच म्हणाले, "महाराज, पाऊस कधी पडला हे ठरवणारेही आता आपणच, हे ध्यानी असावे."

महाराज काळ्या पाषाणावर बसले आणि म्हणाले की, राजाची आज्ञा मोडिली त्या बाईचा उजवा हात तोडावा. माध्यान्हीचे ऊन, तलावात चिखलाच्या कडा, बांधावर सर्व गाव जमलेले. राहीचा उजवा हात लाकडावर ठेविला. कुशाजी नाईक, आता पिकलेल्या मिशांचा, शस्त्र घेऊन शेजारी उभा. आणि महाराजांनी, जन्माची सवय, उजवा हात वर केला. लोकांत कुजबूज उठली. कुशाजी हलका बोलिला, "महाराज, डावा." महाराज म्हणाले, "डावा का?" कुशाजीने नजर शस्त्राच्या पात्याकडे वळविली. महाराजांनी सर्वांस पुसिले. पुरोहित म्हणाले की, हृदय डावीकडे असते म्हणून. बल्लाळपंत म्हणाले की, उजवा जेवणास शुद्ध राहावा म्हणून. हैबतराव म्हणाले की, उजवा तलवारीस मोकळा असावा म्हणून. नरहरशास्त्री म्हणाले, "आम्हांस ठाऊक नाही. रीत आली तशी पाळली." महाराज हसले आणि म्हणाले, "कारणही ठाऊक नाही आणि रीत पाळता? नाईक, आजपासून हात तो हात. उजवा मानावा." कुशाजीने शस्त्र उचलिले आणि डोळे महाराजांच्या हातावर लाविले.

तेव्हा गर्दीतून धावजी पुढे आला, काठी टाकिली, आणि अंगरख्याची बाही वर सारून थोटा हात उन्हात धरिला. म्हणाला, "म्हाराज, कारन ह्ये हाय." आणि त्याने पेठेची आग सांगितली, घोड्यावरची आज्ञा सांगितली, तिरपी बसलेली फळी आणि भरलेला दरबार सांगितला, आणि म्हणाला, "मगरीनं न्हाई नेला हात. तुमच्या वडलांनी नेला. आन् त्येनला ठावंबी नव्हतं आपून काय करतोय. त्ये चांगलं हुतं, म्हाराज. तुमच्यापरास चांगलं हुतं. तरी त्येंच्या हातून झालं." महाराज ओरडले, "खोटे! म्हातारा सुनेसाठी खोटे बोलतो!" तेव्हा कुशाजी नाईक, शस्त्र तैसेच उचललेले ठेवून, डोळे तैसेच हातावर ठेवून बोलिला, "खोटे नव्हे. तो घाव याच हाताने घातला. बोलू नको म्हणून आज्ञा होती, आज मोडली. डावा हात ठेवला तो याच्या उजव्याची आठवण म्हणून, महाराज. थोरल्या महाराजांनी जन्मभर तो हात पाहावा म्हणून."

महाराजांच्या मुखातून शब्द निघाला, "थांब, नाईक. सोड तिला." आणि कुशाजी म्हणाला, "तोंडचा शब्द मला मानता येत नाही. पाण्याची शपथ आहे. हात खाली आला की घाव पडेल. दुसऱ्या कोणी येऊन धरला तरच थांबेल." महाराजांस तेव्हा कळले की आपण कोठे बसलो आहो. हात खाली आणावा तर राहीचा हात जातो, वर ठेवावा तर किती वेळ ठेवावा? आपला हात आपण धरिता येत नाही. धरणार कोण? न्यायाधीशास त्यांनीच उतरविले होते. राजा ते स्वतःच. राहिली सभा, आणि तिच्यातले तेथे एकटे हैबतराव. महाराजांनी हैबतरावांकडे पाहिले, आणि ते पाहणे राजाचे नव्हते, बुडत्याचे होते. हैबतरावांस वाटले, राजाचा हात धरावा आणि उद्या राजाने त्याचा राग धरिला तर? आणि इतका धिप्पाड माणूस घामाने निथळत जागचा हलला नाही. ऊन डोक्यावर, घटका जाते, महाराजांचे मनगट कापू लागले, कोपर वाकू लागले, आणि राही लाकडावरील आपल्या हाताकडे पाहत होती, जणू त्याचा निरोप घेत होती.

मग धावजी बांधाच्या पायऱ्या चढला. कोणी त्यास अडविले नाही. काळ्या पाषाणापाशी जाऊन त्याने आपला उरला तो डावा हात वर केला आणि राजाचे मनगट धरिले, आणि ज्या बळाने एके काळी तलावाचे दार उचलीत होता त्या बळाने ते वर धरून ठेविले. म्हणाला, "सोडू नका आता. मी हाय." महाराजांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, ते सर्व गावाने पाहिले. बल्लाळपंत मात्र पुढे सरून म्हणाले, "हा सभेचा नव्हे आणि राजाही नव्हे. याने धरल्यास घाव थांबत नाही." तेव्हा नरहरशास्त्री गर्दीतूनच, दम्याने अडखळत, परंतु सर्वांस ऐकू जाईल ऐसे बोलिले, "ज्यांच्यासाठी सभा, ज्यांच्यासाठी राजा आणि ज्यांच्यासाठी हे आसन, त्यांतील हा आहे. याने धरला म्हणजे तिघांनी धरला." कुशाजी नाईकाने शस्त्र खाली ठेविले, आणि मग तोही रडला. राहीने हात लाकडावरून काढून घेतला आणि दाराकडे गेली, कारण खालच्या गावाची पाळी टळत होती.

महाराज पाषाणावरून उतरले. शेला उचलून नरहरशास्त्र्यांच्या कमरेस आपल्या हाते बांधिला. निवाडा पुनः पहिल्यापासून जाहला आणि राही निर्दोष ठरली. आज्ञा नियमाबाहेर केली म्हणून राजा दोषी ठरला, आणि पाऊस पडेतो रयतेच्या रांगेत उभे राहून विहिरीचे पाणी शेंदून न्यावे हा दंड राजाने भोगिला. हैबतरावांनी सभेत पागोटे काढून ठेविले आणि पुनः मुख्यपण घेतले नाही. बल्लाळपंत काशीस गेले, ते तिकडेच राहिले. बागेतील दूरदेशींची कलमे वाळून गेली, आणि ती उपटू नयेत, तैसीच असू द्यावीत, ऐसी महाराजांची आज्ञा जाहली. सभेने नियमात भर घातली की, येथून पुढे हात वर असता रयतेपैकी कोणीही, बाई असो बाप्या असो, तो धरू शकेल. आणि डाव्या हाताचे कारण दर सालच्या चैत्रात बांधावर उभे राहून मोठ्याने सांगावे, आणि ते राजानेच सांगावे.

पुढे एकदा महाराजांनी धावजीस पुसिले, "आमच्या वडिलांनी तुझा हात घेतला, आणि तू आमचा धरून ठेविलास. सुनेसाठीच ना?" धावजी डाव्या हाताने आणि दातांनी पागोट्याचा पीळ घट्ट करीत होता, तो थांबला आणि म्हणाला, "एक तिचा वाचवला, म्हाराज. दुसरा तुमचा."

तात्पर्य इतकेच. सत्ता तीन ठायी का असावी हे शास्त्रात पुष्कळ लिहिले आहे, ते शास्त्र्यांनी वाचावे. या राज्यातील लोकांस इतके कळते की राजा चांगला असो की वाईट, सभा शहाणी असो की भित्री, न्यायाधीश धट्टा असो की दम्याचा, ज्याचा हात वर आहे त्यास तो आपला आपण धरिता येत नाही. शेजारी कोणी तरी उभे पाहिजे, आणि उभे राहणाराने पायऱ्या चढल्या पाहिजेत. धावजी वारला तेव्हा महाराजांनी खांदा दिला आणि सर्व वाट डावा हात वर धरून चालले. कोणी पुसिले नाही की डावा का.